इसबाची तीव्रता रक्तातून मोजावी का?

मूळ मत:
अ‍ॅटोपिक इसब म्हणजे वारंवार उलटणारा, खाज आणणारा त्वचेचा दाह; त्याची तीव्रता ठरवताना डॉक्टर लाली, सूज, ओरखडे आणि जाड झालेली कातडी पाहून ० ते ७२ या मापनावर गुण देतात. परंतु दोन डॉक्टरांचे गुण जुळतीलच असे नाही, आणि सावळ्या त्वचेवरची लाली सहज नजरेतून सुटते. म्हणून रक्तातील ‘टार्क’ या प्रथिनाची पातळी नियमितपणे मोजावी, असे माझे ठाम मत आहे. टी-पेशींना, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीच्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींना, त्वचेकडे ओढून घेणारे हे प्रथिन इसबाच्या चढउताराबरोबर वरखाली होते, आणि जपानमध्ये ही चाचणी प्रत्यक्ष उपचारांत वापरली जाते. त्वचा स्वच्छ दिसू लागली की मलम थांबवण्याची घाई होते; टार्क अजून चढेच असेल, तर ती घाई टळेल.

प्रतिसाद:
मी असहमत आहे. रुग्णाला छळते ती खाज आणि झोपमोड, आणि ती रुग्णालाच विचारावी लागते. आयजीई या अ‍ॅलर्जीशी निगडित प्रतिपिंडाच्या रक्तचाचणीचा अनुभव आठवा: सुमारे पाचांपैकी एका रुग्णात ते वाढलेलेच नसते, इतर अ‍ॅलर्जींमुळेही ते वाढते आणि त्वचा सुधारल्यावरही दीर्घकाळ चढे राहते. ड्युपिलुमॅब हे इसबावरचे इंजेक्शन सुरू केल्यावर काही रुग्णांच्या रक्तात इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी काही काळ वाढतात, रुग्ण मात्र सुधारत असतो. तो आकडा पाहून धास्तावलेल्या पालकांनी उपचारच सोडले, तर भोगावे लागेल ते मुलाला. लहान मुलाला सुई टोचण्याआधी त्या आकड्याने आपला कोणता निर्णय बदलणार आहे, हे सांगता आलेच पाहिजे.

मूळ मत मांडणाऱ्याचे उत्तर:
आयजीईबद्दलचे आपले म्हणणे मला पूर्ण मान्य आहे, पण त्याचा दोष टार्कवर लादू नये. तान्ह्या बाळांत टार्क मुळातच जास्त असते, म्हणून वयानुसार मर्यादा वेगळ्या धराव्या लागतात. रक्त गोठताना प्लेटलेटमधूनही ते बाहेर पडते, म्हणून नमुना दर वेळी एकाच पद्धतीने घ्यावा लागतो. एवढे पाळून त्याच रुग्णाचे आधीचे आणि नंतरचे आकडे ताडून पाहिले, तर ते बोलके ठरतात.

आणखी एक प्रतिसाद:
ड्युपिलुमॅबच्या बाबतीत इथेच अडचण आहे. हे औषध इंटरल्यूकिन-४ आणि १३ या दाह घडवणाऱ्या प्रथिनांचे संकेत अडवते, आणि टार्कच्या निर्मितीला चालना देणारे संकेतही तेच आहेत. त्यामुळे टार्क घसरले म्हणजे औषध लक्ष्यापर्यंत पोहोचले, एवढेच निश्चित होते. खाज थांबली की नाही, ते वेगळे विचारावेच लागते.