लग्नातली फुलं कशी निवडलीत? सोलापूरकरांनो, अनुभव लिहा

रेल्वे लाइन्स, धागा काढणारी

भाचीचं लग्न वैशाखात आहे, सोलापुरातच. कार्यालय ठरलं, आचारी ठरला, बस्ताही बांधून झाला. आता फुलांपाशी घोडं अडलंय. नवरीला मोबाइलमध्ये पाहिलेली पांढऱ्या-गुलाबी फुलांची कमान हवी आहे. तिच्या आजीला झेंडू आणि आंब्याच्या डहाळ्यांशिवाय मांडवच मान्य नाही. फुलवाला म्हणतो, उन्हाळ्यात माझ्याकडून जास्त अपेक्षा ठेवू नका.

तुमच्या घरच्या कार्यात कोणती फुलं होती आणि ती का निवडली? अक्षता पडल्या तेव्हा ती कशी दिसत होती? भाव रोज बदलतात, ते नाही लिहिले तरी चालेल, कारणं मात्र जरूर लिहा. सोलापुरात चार भाषांची लग्नं होतात, म्हणून सगळ्यांकडचं ऐकायचं आहे.


पूर्व भाग

आम्ही पद्मशाली, घरात तेलुगू बोलतो. आमच्याकडे फुलांचा विचार नवरीच्या वेणीपासून सुरू होतो, मांडवाचं नंतर बघतात. पूल जडा म्हणजे मानेपासून खाली शेवटपर्यंत अख्खी वेणी फुलांनी मढवायची. विकतची तयार मिळते, पण आमच्या घरात ती अजून अम्मम्माच, म्हणजे आजीच, करून घेते.

केळीच्या सोपट्याची लांब पट्टी कापायची आणि तिच्यावर मोगऱ्याच्या कळ्या सुईदोऱ्याने आडव्या ओळींत शिवत जायचं. मधूनमधून अबोलीची रांग, कडेला मरवा. कळी निवडण्यात सगळं कसब आहे. ती टपोरी, पांढरी पण घट्ट मिटलेली हवी, देठाशी किंचित हिरवट. अर्धवट उमललेली घेतली तर मुहूर्तापर्यंत तिच्या कडा तांबूस होतात. अम्मम्मा प्रत्येक कळी बोटांत हलकीच दाबून बघते आणि सैल लागली की बाजूला टाकते. बाजूला पडलेल्या कळ्यांचे गजरे आम्हा मुलींना मिळतात. तयार वेणी ओल्या मलमलीत गुंडाळून केळीच्या पानात ठेवायची. तिच्यावर पाणी शिंपडायचं नाही, मोगऱ्याला थेंबांचे डाग पडतात.

माझ्या मुलीचं लग्न मार्गशीर्षात होतं. मोगऱ्याचा बहर उन्हाळ्याचा, त्यामुळे थंडीत तो कमी येतो आणि महाग असतो. त्यात गुरुवार आला की महालक्ष्मीच्या पूजेसाठी सगळीच फुलं चढतात. मुलगी मोगऱ्यावर अडून बसली होती. शेवटी वेणीचा वरचा भाग, म्हणजे डोक्याजवळचा, मोगऱ्याचा केला आणि खालचा काकड्याचा. वास डोक्याजवळच लागतो. काकड्याला वास कमी, पण दिसायला भरगच्च. तलंब्रालुच्या वेळी दोघांनी एकमेकांवर तांदूळ ओतले ते वेणीतल्या अबोलीत अडकून बसले, ते फोटो सगळ्यांत सुंदर आलेत.

वैशाखात लग्न असेल तर तुमच्या भाचीला मोगऱ्याची चंगळ आहे. तिच्या अंगावर मोगराच घाला, कमानीचं काहीही होवो.


विजापूर रोड, सजावटीचा व्यवसाय

कमानीबद्दल मी सांगतो, कारण तेच माझं काम आहे.

आपल्याकडे मे महिन्यात पारा 42-43 पर्यंत जातो आणि हवा कोरडी असते. कापलेलं फूल नुसत्या उन्हाने जात नाही, कोरड्या वाऱ्याने जातं. देठातून वर चढणाऱ्या पाण्यापेक्षा पाकळीतून उडणारं पाणी जास्त झालं की फूल मान टाकतं. सगळ्यांत आधी जरबेरा वाकतो. डच गुलाब भराभर उघडतो आणि त्याच्या कडा काळवंडतात. मोबाइलमधल्या त्या कमानी बहुतेक एसी हॉलमधल्या किंवा थंड गावच्या असतात. लॉनवर साडेबाराच्या अक्षतांना ते चित्र उभं राहणार नाही, हे मी प्रत्येक नवरीला आधीच सांगतो.

टिकतं काय? ऑर्किड टिकतं, कारण पाकळी जाड असते आणि पाणी धरून ठेवते. पण ते बाहेरून मागवावं लागतं, खर्चिक आहे. कार्नेशन टिकतं. निशिगंधाच्या दांड्या पाण्यात ठेवल्या तर बऱ्यापैकी तग धरतात. झेंडू माळेत असल्यामुळे मान टाकण्याचा प्रश्नच नसतो. हिरवाईसाठी अशोकाची पानं, केळीचे खांब आणि आंब्याच्या डहाळ्या घ्या, पण डहाळ्या पहाटे बांधा.

माझा हिशेब असा असतो: जिथे हात लागतो आणि नाक पोचतं तिथे खरं फूल. हार, गजरे, मुंडावळ्या, बोहल्याच्या चारी कडा आणि प्रवेशाचं तोरण यात आलं. पाहुण्यांपासून लांब, स्टेजच्या मागची भिंत कापडाची करा. अगदीच हौस असेल तर वरची कमान नकली फुलांची चालेल. पैसे तिथे वाचवून हारांवर घाला.

आणखी एक. फुलं खोचायला तो हिरवा स्पंज वापरतात, तो कुजत नाही, चुरा होऊन मातीत राहतो. मी आता बादल्या आणि बाटल्यांत पाणी भरून मांडणी करतो. मेहनत जास्त आहे, पण फुलाला पाणीही जास्त मिळतं.


मोहोळ तालुका, फूल उत्पादक

वरच्या दादांचं बाकी सगळं पटलं, नकली कमान सोडून.

लग्नाची तिथ दाट असली की झेंडूला भाव असतो आणि तिथ संपली की तोडणीची मजुरीसुद्धा निघत नाही. जी काही थोडकी कमाई ती या दिवसांतच व्हायची. तेवढ्या दिवसांतही मांडवात प्लास्टिक लागलं तर आम्ही फुलं लावायची कशाला? कमानीला झेंडूच्या सरी सोडा, आंब्याची पानं मधे ओवा. संध्याकाळपर्यंत हलत नाही.

लग्नघरच्या लोकांनी आमच्याशी आधी बोलावं ही माझी कळकळीची विनंती आहे. झेंडूचं रोप लावल्यापासून साधारण दोन महिन्यांत तोडा सुरू होतो. फेब्रुवारीत लावलेला उन्हाळी झेंडू एप्रिल-मेमध्ये हाती येतो, ठिबकवर चांगला येतो. साखरपुडा झाला की तारीख कळतेच. तेव्हाच एखाद्या शेतकऱ्याला सांगून ठेवलं तर तुम्हाला ताजं फूल मिळतं आणि त्याला ठरलेला भाव. मधल्या मारुतीजवळ आदल्या दिवशी जाऊन जे असेल ते उचलण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

माझ्या थोरलीच्या लग्नाला मी झेंडूच्या काही ओळी राखून ठेवल्या होत्या, व्यापाऱ्याला हात लावू दिला नव्हता. आदल्या दिवशी ऊन कलल्यावर तोडा केला. तोडलेला झेंडू ढीग घालून ठेवला तर आतून तापतो आणि काळा पडतो, म्हणून ओसरीत गोणपाटावर एकाच थरात पसरला. मग सगळी भावकी माळा करायला बसली. पोरगी स्वतः ओवायला बसली होती, हातावरची मेंदी सुकल्यावर. मांडवात शिरताना तिने एका माळेला हात लावून जावयाला सांगितलं, ही आमच्या विहिरीकडच्या तुकड्यातली आहे. मला त्यापेक्षा जास्त काही नको होतं.

गुलछडी, म्हणजे निशिगंध, घेणार असाल तर हारासाठी सिंगल घ्या, तिला वास असतो. डबलच्या दांड्या मांडणीसाठी बऱ्या. कळी पहाटे, उमलायच्या आत तोडलेली असावी.


नई जिंदगी

आमच्याकडे दुल्ह्याच्या सेहऱ्याची सगळ्यांना फिकीर असते. माझ्या धाकट्या दिराचा सेहरा आम्ही मोगरा आणि देशी गुलाबाचा करून घेतला. फुलवाल्याने डच गुलाब दाखवला, दिसायला टपोरा, पण वास नाही. चेहऱ्यासमोर लडी लोंबणार आणि वासच नसेल तर काय उपयोग?

निकाह असरच्या, म्हणजे दुपारनंतरच्या, नमाजानंतर होता. मोगरा संध्याकाळी उमलतो, म्हणून सगळ्या कळ्या बंद असतानाच ओवलेल्या. निकाहला सेहरा मोत्यांसारखा दिसत होता आणि रात्री जेवणाच्या वेळी तोच सेहरा फुललेला. सासूबाई दर थोड्या वेळाने जवळ जाऊन वास घेत होत्या. फुलं निवडताना मुहूर्ताची वेळ फुलवाल्याला नक्की सांगा.


बाळीवेस

माझं लग्न गड्ड्याच्या यात्रेनंतर लगेचच झालं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचा विवाह लागतो, सात नंदीध्वज (सजवलेल्या उंच काठ्या) येतात आणि संमती कट्ट्यावर अक्षता पडतात. सोलापुरातलं आमच्यासाठी पहिलं लग्न ते. लहानपणापासून नंदीध्वजाला बाशिंग बांधलेलं बघत आले, त्यामुळे माझ्या लग्नात फुलांची बाशिंगं हवीत हे मी आधीच सांगून ठेवलं होतं.

जानेवारी म्हणजे शेवंतीचे दिवस. दिवस लहान असले की शेवंती फुलते, म्हणून थंडीत ती भरपूर असते. अज्जी म्हणाली, शेवंतिगे असताना दुसरं काही शोधू नका. पिवळी शेवंती मांडवाला, पांढरी हारांना, आणि हाराच्या पदकात बेलाची पानं. स्टेजवाल्याने गुलाबाचा आग्रह धरला होता. फेब्रुवारी जवळ आला की डच गुलाब चढतो, सगळ्यांचं लक्ष व्हॅलेंटाइनकडे. आम्ही शेवंतीवरच ठाम राहिलो. रात्री वरात निघाली तेव्हाही हार जसाच्या तसा होता.


होटगी रोड

एक महत्त्वाचं लिहिते, कारण याचा विचार कुणी करत नाही. माझ्या सासऱ्यांना दमा आहे. निशिगंधाचा उग्र वास बंद हॉलमध्ये त्यांना सोसत नाही, अर्ध्या तासात छाती भरून येते. नातवाच्या लग्नात त्यांना मागच्या खुर्चीवर बसवायचं आमच्या मनाला पटेना.

म्हणून स्टेजवर निशिगंध आणि मोगरा ठेवलाच नाही. अबोली, अष्टर आणि ॲस्परागसची हिरवाई घेतली. अबोलीला वास नसतो, वजन नसतं, आणि माळ दुसऱ्या दिवशीही ताजी दिसते. नवरीचा गजराही अबोलीचाच, तिनेच सुचवला. काही पाहुण्यांनी विचारलं, लग्नात मोगरा कसा नाही? आजोबा पहिल्या रांगेत बसून मंगलाष्टकं म्हणत होते, तेच त्यांना दाखवलं.

पाहुण्यांच्या यादीत लहान बाळं, दमेकरी किंवा डोकेदुखीवाले असतील तर बंद हॉलमध्ये उग्र वासाची फुलं कमी करा, किंवा ती दाराबाहेर मांडा.


माहेर पंढरपूर, सासर सोलापूर

आमचं नोंदणी लग्न. 30 दिवसांची नोटीस, सह्या, तीन साक्षीदार आणि दोन हार, बस. माझे वडील वारकरी. ते म्हणाले, फुलं काही का असेनात, हारात तुळस पाहिजे. पंढरपूरहून येताना ते स्वतः तुळशीच्या मंजिऱ्या ओल्या फडक्यात घेऊन आले आणि आम्ही सोलापुरात पांढऱ्या शेवंतीबरोबर त्या ओवून घेतल्या. कार्यालयातले शिपाईसुद्धा वास कसला येतोय म्हणून डोकावून गेले. खर्च म्हणाल तर काहीच नाही. आईकडे त्यातली एक मंजिरी रुजवलेली आहे, तिची आता चांगली दोन झाडं झालीत.


रेल्वे लाइन्स, धागा काढणारी

सगळ्यांचे मनापासून आभार. पूर्व भागातल्या ताईंचं वाचून भाचीने मोगऱ्याची वेणी नक्की केली. मोहोळच्या दादांचं आजीला वाचून दाखवलं, तिचा हट्ट आता दुप्पट झालाय आणि या वेळी घरातलं कुणी तो मोडणार नाही. लग्नानंतर उरलेल्या झेंडूचं काय करता, कुणी लिहील का? कार्यालयवाले सगळं कचऱ्याच्या गाडीत भरतात, ते बघवत नाही.


दमाणी नगर

मी लिहिते. मुलाच्या लग्नातल्या माळा आम्ही घरी आणल्या. दोरे काढले, पाकळ्या गच्चीवर सावलीत वाळवल्या आणि सुती कापड रंगवलं. सोलापूर कापडाचं गाव, आमच्या घरात सासऱ्यांच्या वेळेपर्यंत माग होते, त्यामुळे मला हे करायचंच होतं.

कापड आधी साबणाने धुऊन त्यातली खळ पूर्ण काढा. मग हिरड्याच्या पाण्यात भिजवून वाळवा, सुती धाग्यावर रंग त्यामुळे चांगला धरतो. नंतर तुरटीच्या पाण्यात, साधारण 100 ग्रॅम कापडाला 15 ग्रॅम तुरटी. कापडाच्या वजनाइतक्या वाळलेल्या पाकळ्या मंद आचेवर तासभर उकळा, गाळा, आणि त्या पाण्यात कापड टाकून हलवत राहा. भांडं स्टीलचं घ्या. लोखंडी कढईत रंग हिरवट-काळसर होतो. रंग हळदीपेक्षा थोडा गडद येतो आणि हळदीसारखा उन्हात पटकन उडत नाही.

त्या कापडाचे रुमाल करून लग्नानंतरच्या सोळाव्याला आलेल्या सगळ्या बायकांना दिले. देठ आणि हिरवा भाग कुंड्यांच्या खतात गेला. फक्त फुलवाल्याला आधी विचारून घ्या, माळांवर रंगाचा फवारा मारलेला असेल तर ती फुलं रंगवायला घेऊ नका. आणि रुमाल पहिल्या दोन धुण्यांना वेगळे धुवा, पांढऱ्यात टाकू नका.