फुफ्फुसातल्या सरफॅक्टंटला ‘साबण’ म्हणणं थांबवा

मास्तर, कॉलेज रोड
बारावीच्या पेपरात एका पोराने लिहिलं, ‘सरफॅक्टंट म्हणजे फुफ्फुसातला साबण.’ मी अर्धा गुण कापला. लगेच त्याच्या आईचा फोन, गाइडमध्ये असंच दिलंय म्हणे.

सरफॅक्टंट म्हणजे फुफ्फुसातल्या वायुकोशांच्या, म्हणजे हवेच्या बारीक पिशव्यांच्या, आतला पातळ थर. पृष्ठताण, म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागाची आकसायची ओढ, कमी करणं हे त्याचं काम. साबणाने पाण्याचा हा ताण ७० वरून पंचवीस-तीसवर येतो (मिलिन्यूटन प्रति मीटर) आणि तिथेच अडकतो. पृष्ठभाग दाबला की साबणाचे रेणू सरळ पाण्यात बुडी मारतात. फुफ्फुसातला थर असा पळत नाही. त्यातल्या डीपीपीसी या लिपिडला (स्निग्ध पदार्थाला) पामिटिक आम्लाच्या दोन सरळसोट शेपट्या असतात, ते पाण्यात विरघळत नाही. श्वास सोडताना वायुकोश आकसतो, तेव्हा हे रेणू कुंभात रामकुंडावर माणसं दाटावीत तसे दाटतात आणि ताण जवळपास शून्यावर येतो. श्वास घेतला की पुन्हा वाढतो. साबणासारखा एकच ताण राहिला असता तर लहान वायुकोश शेजारच्या मोठ्यात रिकामा झाला असता.

द्राक्षवाला, निफाड
सर, फवारणीत आम्ही स्टिकर नावाचं द्रव टाकतोच की. नाही टाकलं तर थेंब मण्यावरून गोळी होऊन घरंगळतो, टाकलं की पसरतो. ताण मोडायचंच काम ना? द्या पोराला अर्धा गुण.

एनआयसीयूतली ताई, नाशिकरोड
मी पोराच्या बाजूने. आमच्या नवजात अतिदक्षता विभागात ३० आठवड्यांतच जन्मलेलं, सरफॅक्टंट कमी पडलेलं बाळ येतं, कण्हत असतं, दर श्वासाला बरगड्या आत ओढल्या जातात. बाहेर आजी विचारते, ‘काय देताय गं माझ्या बाळाला?’ तिला पामिटिक आम्ल सांगू? फ्रीजमधली सरफॅक्टंटची कुपी मुठीत धरून आठ मिनिटं ऊब द्यायची. आत दुधासारखं पांढरं असतं. हळूच फिरवायची, खळखळवायची नाही, फेस होतो. मग श्वासनलिकेतल्या नळीतून आत. त्या आठ मिनिटांत ‘फुफ्फुस आतून चिकटू नये म्हणून साबणासारखं औषध’ एवढंच सांगून होतं, आणि आजीला ते कळतं.

शिवाय १९९० मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या एक्सोसर्फ या कृत्रिम सरफॅक्टंटमध्ये डीपीपीसीच्या जोडीला टायलोक्सापॉल होतं. म्हणजे चक्क डिटर्जंट! बाळं त्यानेही वाचली.

मास्तर
ताई, तुमचा हा मुद्दा माझ्याच कामाचा. एक्सोसर्फ मागे पडलं. जपानात डॉक्टर फुजिवारांनी १९८० मध्ये गाईच्या फुफ्फुसातून काढलेला अर्क दहा बाळांना दिला होता. त्या वाटेने आलेली, गाय-डुकराच्या फुफ्फुसातली औषधं लवकर लागू पडतात, कारण त्यांत एसपी-बी आणि एसपी-सी ही प्रथिनं असतात.

डीपीपीसी वितळतं ४१ अंशांना, आपलं अंग ३७. म्हणजे आत ते थिजलेलंच. भाऊ, तुमच्या निफाडच्या थंडीतली खोबरेलाची बाटली आठवा. थिजलेलं दाबाला टिकतं, पण पसरायचं नाव घेत नाही. म्हणून तर सरफॅक्टंटमध्ये डीपीपीसी साधारण ४० टक्केच. बाकी असंपृक्त लिपिडं, फॉस्फॅटिडिलग्लिसरॉल, थोडं कोलेस्टेरॉल. ही पातळ मंडळी थर पसरवतात. प्रथिनं सगळी मिळून दहा टक्क्यांच्या आसपास, पण एसपी-बी जन्मतःच नसेल तर बाळ सहसा वाचत नाही. साबणात यातलं काय आहे?

बायोकेमवाला, गंगापूर रोड
साबण नको, मान्य. पण सर, तुमचं चित्रही फार गुळगुळीत आहे. दाबलं की पातळ लिपिडं बाहेर फेकली जातात आणि डीपीपीसी उरतं, ही जुनी मांडणी. पातळ लिपिडांचा थरसुद्धा झटकन दाबला तर ताण शून्याजवळ टिकवतो, हे प्रयोगात दिसलंय. श्वासही काही आरामात दाबत बसत नाही. आणि वायुकोश म्हणजे सुटे फुगे नव्हेत, चाळीतल्या खोल्यांसारख्या त्यांच्या भिंती सामाईक असतात. लहान फुगा मोठ्यात रिकामा होतो ती फळ्यावरची आकृती आता पुसा.

द्राक्षवाला, निफाड
मग थंडीभर झोपणाऱ्या जनावरांचं काय? अंग गार पडलं की त्यांचं सगळंच थिजायचं.

बायोकेमवाला, गंगापूर रोड
भारी प्रश्न. अंग गार पडणाऱ्या काही प्राण्यांत गारठा वाढला की थरातलं कोलेस्टेरॉल वाढलेलं सापडलंय. थर पातळ राहतो.

एनआयसीयूतली ताई, नाशिकरोड
उद्या नाइट आहे. एखाद्या आजीला खोबरेल सांगून बघते. नाही कळलं तर परत साबण.

मास्तर
अर्धा गुण परत दिला. खाली लाल शाईने लिहिलंय, ‘पण साबण दाबला की पळतो.’ आता बघू आईचा फोन येतो का.