‘धुरा सोपवणे’ म्हंजे नेमकं काय सोपवणं?

प्रश्न
काल नागपुरात महाल भागात चहा पिता पिता पेपरात वाचलं, ‘पक्षाची धुरा तरुणांच्या खांद्यावर’, तर शेजारी बसलेला माझा काटोलकडचा मावसभाऊ म्हणाला, धुरा खांद्यावर कसा घेईल कोणी, धुरा तर वावरात असतो. त्याचं बरोबरच आहे, आपल्याकडं दोन शेतांमधल्या बांधाला धुराच म्हणतात. मग हे दोन शब्द वेगळे का? आणि जुन्या नेत्यानं नव्या पिढीकडं कारभार देणं याला धुरा, वारसदार, उत्तराधिकारी, खांदेपालट यातला कोणता शब्द बसतो? लेख लिहून राहिलो आणि इथंच अडकलोय.

प्रतिसाद
भाऊ, वावरातला तो धुरा, नेतृत्वाची ती धुरा. तो कोरला की शेजाऱ्यांत भांडणं लागतात, ती वाहावी लागते. संस्कृतात धुर् म्हंजे जू, ओझं, त्यातूनच धुरंधर, आणि बंडी हाकणारा तो धुरकरी. म्हणून धुरेसोबत खांदा येतोच. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलांचे खांदे हळद-तूप लावून शेकतो ते याच ओझ्यापायी. खांदेपालट मात्र नको, तो बदल्यांच्या बातमीला ठीक आहे, पिढी बदलली हे त्यातून कळत नाही.

प्रतिसाद
वारसदार तर मुळीच नको. एक तर नुसतं वारस म्हटलं तरी पुरतं, वर ‘दार’ कशाला. दुसरं म्हंजे वारस असतो तो मालमत्तेला नाहीतर गादीला, आणि हा शब्द नागपूरला फार महागात पडलाय, १८५३ मध्ये तिसरे रघुजी भोसले गेले आणि वारस नाही म्हणून डलहौसीनं १८५४ मध्ये अख्खं राज्य खालसा केलं. पुढाऱ्याच्या पोराला आपण सहज ‘राजकीय वारसदार’ म्हणतो तेव्हा पक्ष त्या घरची इस्टेट आहे हे कबूल करून टाकतो, मला हे मनापासून खटकतं. उत्तराधिकारी चालेल, नंतर अधिकारावर येणारा, त्यात रक्ताची अट नाही.

प्रतिसाद
धुराच ठेवा, पण कासरा कोणाच्या हाती राहिला तेही बघा. टांझानियात ज्युलियस न्येरेरेंनी १९८५ मध्ये राष्ट्राध्यक्षपद आपणहून सोडलं, त्या काळात ही फार मोठी गोष्ट, पण सत्ताधारी पक्षाचं अध्यक्षपद १९९० पर्यंत त्यांच्याकडंच होतं, म्हंजे धुरा दिली, कासरा नाही. दक्षिण आफ्रिकेत मंडेलांनी आधी १९९७ मध्ये पक्षाचं अध्यक्षपद सोडलं, मग १९९९ मध्ये एकाच टर्मनंतर राष्ट्राध्यक्षपदही, आणि दोन्ही जागी आले थाबो एम्बेकी, त्यांच्याहून २४ वर्षांनी लहान. याला म्हणावं धुरा सोपवली. नवा गोऱ्हा आपण पहिल्यांदा जाणत्या बैलासोबतच जुंपतो, तेव्हा अनुभवी माणूस जोडीला असण्यात काहीच वावगं नाही, पण सोबत ओढणं वेगळं आणि मागं बसून कासरा खेचणं वेगळं.

प्रश्नकर्ता
पटलं. मग न्येरेरेंसाठी ‘धुरा दिली, कासरा ठेवला’ असं लिहू का, की ते फार शेतकरी वाटेल? मावसभाऊ म्हणतो लिही, कळेल सगळ्यांना.