१८ मिमीचा घेर आणि अँटिबायोटिकची सुट्टी?

पेट्रीकाकू: "चित्रकमुळाचा अर्क, स्टॅफवर १८ मिमी घेर. आता अँटिबायोटिकला सुट्टी!" असं इंदूरच्याच एका महाशयांनी लिहिलंय. स्टॅफ म्हणजे स्टॅफिलोकोकस जिवाणू, आणि घेर म्हणजे आगरवर, जिवाणू वाढवायच्या जेलीवर, अर्काच्या कागदी डिस्कभोवती वाढ थांबलेली जागा. डिस्कवर अर्क किती घातला, ते सांगा की! ५ मिलिग्रॅम ओतल्यावर काहीही मरेल. आगर ४ मिमीहून पातळ असेल तरी घेर फुगतो. अर्क ज्यात विरघळवतात त्या नुसत्या डीएमएसओची डिस्क शेजारी होती का? शिवाय चित्रकातलं प्लंबॅजिन हे संयुग उडतं, म्हणजे डिस्क गरम हवेनं वाळवली की घेर आक्रसतो. एमआयसी, म्हणजे वाढ थांबवणारी कमीत कमी मात्रा, काढा: मिलीला ५ लाख जिवाणू, अर्क निम्मा-निम्मा पातळ करत जा, ३५ अंश, १६ ते २० तास. मिलीला १,००० मायक्रोग्रॅम अर्क घातल्यावर वाढ थांबली तर ती मिरवायची गोष्ट नाही.

माळवीमूळ: आणि वाढ बघणार रेझाझुरिनने, जिवंत जिवाणूंत रंग बदलणाऱ्या रंगद्रव्याने? प्लंबॅजिन स्वतःच रेडॉक्सवालं, इलेक्ट्रॉनची देवघेव करणारं; रंगावर काय भरवसा! एकेक संयुग सुटं करून मोजण्याचा हट्टही सोडा. दारुहळदीतलं जिवाणू मारणारं बर्बेरीन स्टॅफ आपल्या पेशीतल्या पंपाने बाहेर फेकतो. त्याच कुळातल्या झाडात पंप अडवणारा घटक २००० सालीच दाखवलाय.

पेट्रीकाकू: रंगाचं मान्य. मग चाचणीच्या प्लेटच्या प्रत्येक खळग्यातून थेंब घेऊन आगरवर लावा, वाढ दिसेलच. पण तो घटक पानांतून काढलेला, आणि झाड अमेरिकेतलं. मुळं कशाला खणता?

नीमचवाला: काकू, आधी मूळ कोणतं ते बोला! दारुहळद हिमालयातली, बाजारात त्याच नावाने दक्षिणेतल्या वेलीचं खोड खपतं. दोन्ही पिवळं, दोन्हींत बर्बेरीन. टीएलसीवर, म्हणजे घटक वेगळे करून ठिपके दाखवणाऱ्या पट्टीवर, ठिपका जुळला की आपले विद्वान खूश!

माळवीमूळ: भिया, विषय चित्रकाचा चाललाय.

नीमचवाला: तिथेही तेच. पांढरा की लाल? शोधन, म्हणजे आयुर्वेदातली शुद्धी, झालेलं की कच्चं? चुन्याच्या निवळीत भिजवलेल्या मुळातलं प्लंबॅजिन घटतं. तुकडे घेऊन पूड करवून आणता आणि मग घेर मोजत बसता. अख्खं मूळ घ्या, आडवा काप सूक्ष्मदर्शकाखाली बघा, नमुना वनस्पतिसंग्रहात ठेवा. पूड विकत घेणाऱ्याने तोंड उघडू नये.

पेट्रीकाकू: तोंड सांभाळून. पुडीचं मात्र खरंय.

माळवीमूळ: वा, काकूंनी कुणाचं तरी ऐकलं! बरं, डीएमएसओ किती टक्के चालेल?

पेट्रीकाकू: शेवटच्या खळग्यात १ टक्क्याच्या आत. आणि अर्काविना तेवढ्याच डीएमएसओची रांग लावा, नाहीतर पुन्हा १८ मिमी घेऊन याल.