स्टराइल (निर्जंतुक इंजेक्शनं भरायच्या) लाइनवरून माणूस काढा म्हणे!

वाळूजचा ऑपरेटर: कालच्या धाग्यात एका कन्सल्टंट साहेबांनी लिहिलंय, "माणूस म्हणजे चालताबोलता जंतू, फिलिंगला रोबो बसवा, कटकट मिटली." साहेब, चौदा वर्षं व्हायल (इंजेक्शनची छोटी बाटली) फिलिंगला काढलीत. व्हायल आडवी पडली की ग्लोव्ह पोर्टमधून (मशीनच्या आडोशाला बसवलेल्या हातमोज्यांतून) फोर्सेप्सच्या चिमट्याने उचलतो तो मी. हात सावकाश, आणि उघड्या व्हायलींच्या वरून अजिबात न्यायचा नाही. ही अदब रोबोला तुम्ही शिकवणार?

क्यूएवाली (क्वालिटी विभाग): शिकवावी लागत नाही, एकदा प्रोग्राम केला की झालं. रोबो सर्दी घेऊन कामावर येत नाही. युरोपचं नवं 'अॅनेक्स-1', म्हणजे निर्जंतुक औषधं बनवायची नियमावली, 25 ऑगस्ट 2023 पासून लागू आहे; आयसोलेटर (माणसापासून पूर्ण तोडलेली पेटी), रोबोचा विचार करा असं त्यात चक्क लिहिलंय. ग्रेड ए (सगळ्यात स्वच्छ जागा) मधल्या तपासणीच्या प्लेटवर जंतूंची एक कॉलनी उगवली तरी तपासाची पानं मी भरते, तुम्ही नाही.

वाळूजचा ऑपरेटर: भरा की! रूट कॉज "ऑपरेटर एरर", कॅपा (पुन्हा घडू नये म्हणून उपाय) "रिट्रेनिंग". पाठ झालंय आम्हाला. ग्लोव्हला भोक पडलं तेव्हाही तेच. ग्लोव्ह कधी बदलायचा ते परचेसने लांबवलं, हे कुठल्या रकान्यात लिहिलंत?

मेंटेनन्स_भाऊ: भांडा निवांत. ग्लोव्हच नसलेल्या रोबो मशीनला टबात नेस्ट केलेल्या (खाचांत ओळीने बसवून आलेल्या) तयार व्हायली लागतात. आमच्याकडे सुट्या व्हायली धुऊन, तापवून जंतू मारणाऱ्या टनेलमधून येतात. अख्खी लाइन बदलायचे पैसे कन्सल्टंट देणार का?

कंत्राटी_नाइट: विषय निघालाच आहे तर, एकदा गाऊन चढवला की लघवीला जाणं म्हणजे सगळं उतरवून पुन्हा नवा गाऊन. सुपरवायझर तोंड वाकडं करतो. म्हणून आम्ही शिफ्टच्या आधी पाणीच पीत नाही.

वाळूजचा ऑपरेटर: शंभर टक्के! आमच्या एकाला मूतखडा झाला.

क्यूएवाली: गाऊनिंगचा नियम मी केलेला नाही.

कंत्राटी_नाइट: तुमच्या केबिनशेजारी कूलर आहे ताई, तुम्हाला काय कळणार.

क्यूएवाली: पर्सनल होऊ नका. आणि हेच तर सांगतेय! रॅब्सला (तुमच्या आताच्या ग्लोव्हवाल्या आडोशाला) भोवती ग्रेड बी लागतो, म्हणून तुम्ही डोक्यापासून पायापर्यंत बांधलेले. आयसोलेटरला त्याहून खालचा सी, बंद प्रकारचा असेल तर डीसुद्धा चालतो. गाऊन हलका, जा-ये सोपी.

वाळूजचा ऑपरेटर: बरं बाई, हे एक मान्य. मुतायला जाता यावं म्हणून आणा तुमचा आयसोलेटर. पण मग आठांच्या जागी तिघंच लागतील. काढणार कुणाला, कंत्राटीलाच ना?

कंत्राटी_नाइट: म्हणजे मला. तेव्हा मात्र पाणी भरपूर पिईन.