घारापुरीला चार वेळा पाकीट

मुंबईचं पर्यटन कसं सुधारावं या चर्चेत पर्यटकांसाठी अ‍ॅपची आणि चौकाचौकात माहिती केंद्रांची मागणी झाली आहे. अ‍ॅपला विरोध नाही, पण मुंबईत पाहुणा अडतो तो माहितीअभावी कमी आणि तुकड्यातुकड्यांच्या कारभारामुळे जास्त. घारापुरीचंच, म्हणजे एलिफंटा लेण्यांच्या बेटाचंच घ्या. गेल्या हिवाळ्यात नागपूरच्या मावशीला घेऊन गेलो होतो. गेटवेला लाँचचं तिकीट काढलं, वरच्या डेकवर बसायचे पैसे वेगळे, बेटावर उतरल्यावर ग्रामपंचायतीचा कर, सव्वाशेच्या आसपास पायऱ्या चढून गेल्यावर पुरातत्त्व खात्याचं तिकीट. प्रत्येक ठिकाणी पुन्हा पाकीट काढा. धक्क्यावरून पायथ्यापर्यंतच्या छोट्या रेल्वेत बसलो नाही म्हणून, नाहीतर पाचवं तिकीट होतंच! मावशी म्हणाली, "अरे, लेण्यांत शिवाकडेही काही द्यायचं आहे का?"

याचं एक कारण या चर्चेत कुणी लिहिलेलं दिसलं नाही. लाँच मुंबईतून सुटते, पण बेट रायगड जिल्ह्यात, उरण तालुक्यात येतं आणि लेणी केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे आहेत. त्यामुळे 'मुंबईचं पर्यटन सुधारा' म्हणून महापालिकेला कितीही धारेवर धरलं तरी या चार खिडक्या एक होणार नाहीत. निदान गेटवेलाच सगळ्याचं मिळून एक तिकीट मिळावं. आणि सोमवारी लेणी बंद असतात, हे तिथे मोठ्या अक्षरांत मराठी, हिंदी, इंग्रजीत लिहा. दोन फळ्यांचं काम आहे, त्याला अ‍ॅप कशाला?