मदत हवी आहे : २०१२ च्या मॅकबुक प्रोवर हाय सिएराच ठेवू, मोहावी टाकू की कॅटालिना?

नमस्कार मंडळी,

सोलापुरात नवी पेठेत आमचं डीटीपीचं (संगणकावर छपाईची पानं मांडण्याचं) छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, चादरी-टॉवेलच्या पॅकिंगची लेबलं, बिलबुकं अशी कामं असतात. बाबांनी छपाईचे शिशाचे खिळे जुळवण्यापासून सुरुवात केली आणि आजही रोज चार तास ते मशीनवर बसतात. मशीन म्हणजे तेरा इंची मॅकबुक प्रो, मिड २०१२. ४ जीबी रॅम, मूळचीच ५०० जीबीची फिरणारी हार्ड डिस्क, सध्या सिस्टिम हाय सिएरा (तिच्यानंतरची मोहावी, मग कॅटालिना). त्यांचा हात या कीबोर्डवर बसलाय, त्यामुळे "नवीन घ्या" हा सल्ला कृपया देऊ नका. तो घरात देऊन झालाय.

अडचण अशी. पत्रिकेचा मजकूर हल्ली सगळा व्हॉट्सअ‍ॅपवरच येतो, आणि ब्राउझर इतका जुना झालाय की बऱ्याच साइट्स अर्धवट उघडतात. बँकेची साइट तर सरळ ब्राउझर अपडेट करा म्हणते. म्हणजे सिस्टिम वर न्यायला हवी. पण आमचं सगळं काम इनडिझाइन सीएस ६ या पानं मांडायच्या प्रोग्रॅममध्ये आहे, आणि ते पडलं ३२ बिटचं, म्हणजे जुन्या घडणीचं, नव्या सिस्टिमवर न चालणारं. गेल्या वर्षी दुकानातल्या दुसऱ्या मॅकवर मी न विचारता कॅटालिना टाकलं. सकाळी बाबांनी इनडिझाइन उघडायला घेतलं तर आयकॉनवर मनाईची खूण (गोल आणि त्यात तिरपी रेघ), आणि क्लिक केलं की "डेव्हलपरने अपडेट करायला हवं" असा निरोप. त्या दिवशी दुपारपर्यंत एका पार्टीला प्रूफ द्यायचं होतं. टाइम मशीनचा (मॅकच्याच सोयीने घेतलेला) बॅकअप होता म्हणून संध्याकाळी मागे जाता आलं, प्रूफ मात्र दुसऱ्या दिवशी गेलं. बाबा काही बोलले नाहीत. मला अजून वाईट वाटतं.

सोलापूरच्या पत्रिका म्हणजे मराठी, कन्नड, तेलुगू तिन्ही. एकेका घराण्याच्या तीन-तीन लग्नांच्या फाइली आमच्याकडे आहेत. लोक येतात आणि म्हणतात, "थोरल्याच्या पत्रिकेसारखीच करा." त्या फाइली उघडल्या नाहीत तर दुकानाचं अर्धं भांडवल गेलं.

माझ्या वाचनाप्रमाणे ३२ बिट चालवणारी शेवटची सिस्टिम मोहावी, आणि या मशीनला अ‍ॅपलकडून अधिकृत मिळणारी शेवटची कॅटालिना. म्हणून मोहावीकडे कल आहे. बरोबर चाललेय का? ओपनकोअर लेगसी पॅचर हे अ‍ॅपलबाहेरचं साधन वापरून आणखी वर जाता येतं असंही वाचलं, पण लगीनसराई तोंडावर असताना धाडस होत नाही.

प्रतिसाद १

ताई, मोहावीवर जाऊ नका. तुमचा त्रास ब्राउझरचा आहे आणि त्यात मोहावीने काडीचाही फरक पडणार नाही. क्रोमने हाय सिएरा आणि मोहावी दोन्ही ११६ व्या आवृत्तीनंतर एकदमच सोडले. फायरफॉक्सच्याही ११५ नंतरच्या आवृत्त्यांना किमान कॅटालिना लागते. शिवाय मोहावी फिरणाऱ्या डिस्कलासुद्धा एपीएफएस या अ‍ॅपलच्या नव्या डिस्क-मांडणीत बदलते. ती पद्धत एसएसडीसाठी, म्हणजे फिरता भाग नसलेल्या चिपच्या डिस्कसाठी, आखलेली. फिरत्या डिस्कवर मशीन अडकल्याची रंगीत चकरी बघत बसाल. ३२ बिट प्रोग्रॅम विनातडजोड चालवणारी शेवटची सिस्टिम हाय सिएरा, हे खुद्द अ‍ॅपलचंच म्हणणं होतं.

मी तुमच्या जागी असतो तर दोन्ही ठेवल्या असत्या. साध्या साटा एसएसडीवर एपीएफएसच्या एकाच कंटेनरमध्ये दोन व्हॉल्यूम म्हणजे कप्पे करा, एकावर हाय सिएरा, दुसऱ्यावर कॅटालिना. जागा आधी वाटून द्यावी लागत नाही, दोघं मिळून वापरतात. मशीन चालू करताना ऑप्शन की दाबून धरली की कुठे जायचं ते विचारतं. बाबांचं काम हाय सिएरावर, नेट बंद ठेवून. मेल, व्हॉट्सअ‍ॅप, बँक कॅटालिनावर, फायरफॉक्समधून, कारण क्रोमने २०२४ मध्ये तेही सोडलं. कॅटालिनाचे सुरक्षा अपडेट २०२२ मध्येच थांबलेत, म्हणून बँकेचं काम शक्यतो फोनवरच करा.

रॅम दोन्ही खाचांत ८-८ जीबी टाका. अ‍ॅपल कागदावर ८ म्हणते, पण हे मशीन १६ घेतं. आणि जुनी डिस्क पुसू नका! यूएसबी केसमध्ये घातली की तिच्यावरूनही मशीन सुरू होतं. डिस्क बदलण्याआधी इनडिझाइनच्या हेल्प मेनूतून त्याचा परवाना डीअ‍ॅक्टिव्हेट करायचं विसरू नका.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत. एक भर घालतो. या मॉडेलमध्ये डिस्कला जोडणारी पातळ पट्टीची केबल कुप्रसिद्ध आहे. एसएसडी नवी असूनही इन्स्टॉल मध्येच अडकलं तर डिस्कला दोष देऊ नका, ती केबल बदला. बाहेरच्या केसमधून तीच एसएसडी नीट चालली तर दोष केबलचाच समजायचा. खालच्या झाकणाचे दहा स्क्रू काढाल त्यात तीन लांब असतात. कुठला कुठे होता ते कागदावर मांडून ठेवा.

आणि सिस्टिम कुठलीही ठेवा, महत्त्वाच्या प्रत्येक फाइलची आयडीएमएल प्रत (इतर आवृत्त्यांतही उघडणारी इनडिझाइनची फाइल) आणि पीडीएफ आत्ताच काढून ठेवा. सीएस ६ मधून आयडीएमएल निघते आणि ती नव्या इनडिझाइनमध्येही उघडते, अ‍ॅफिनिटी पब्लिशर या दुसऱ्या कंपनीच्या प्रोग्रॅममध्येही. हे मशीन एक दिवस बसणारच आहे.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. मोहावीचा नाद सोडला.

रविवारी दुकान बंद ठेवून बसलो. आधी डीअ‍ॅक्टिव्हेट, मग टाइम मशीन, मग झाकण. पेनड्राइव्हवर जपून ठेवलेला हाय सिएराचा जुना इन्स्टॉलर "खराब आहे" म्हणत होता. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये त्याचं प्रमाणपत्र संपलेलं. अ‍ॅपलच्या पानावरून नवा उतरवला तर पहिल्या फटक्यात चालला. दोन्ही सिस्टिम बसल्या. इनडिझाइन उघडलं, पुन्हा अ‍ॅक्टिव्हेट झालं, आणि बाबांनी सगळ्यात आधी २०१६ ची एक तेलुगू पत्रिका काढून जोडाक्षरं एकेक करून तपासली. सगळी जागच्या जागी होती.

आयडीएमएलचं काम रोज वीस फाइली असं चालू आहे. त्यात कन्नड पत्रिका नव्या प्रोग्रॅममध्ये उघडल्या की काही ओळी खाली सरकतात. फॉण्ट तोच आहे. हे कोणी सोडवलंय का? आणि ती पट्टीची केबल इथे सोलापुरात कोणाकडे मिळते का, की पुण्याहूनच मागवू? सध्याची चालतेय, पण लगीनसराईच्या आधी एक जादा आणून ठेवायची आहे.